दही आवडू लागल्याचे दिवस

लघवीला जळजळ होते, हे बायकोला सांगायची मला लाज वाटली. एसटीच्या आगारात सगळी नोकरी लोकांवर ओरडण्यात गेली, पण एवढं वाक्य तोंडातून फुटेना. हे बायकांचं दुखणं, पुरुषाला होतंच कसं, अशी माझी एक ठाम आणि अडाणी समजूतही होती. डॉक्टर जुन्या पनवेलात, वर्षानुवर्षं ओळखीचे. त्यांच्याकडे जायचं तर ही बरोबर येणार आणि ते तिच्यासमोर सगळं विचारणार. म्हणून मी मोबाइलला विचारलं.

मोबाइल म्हणाला, दही. दह्यातले चांगले जंतू लघवीच्या मार्गातल्या वाईट जंतूंना वाढू देत नाहीत, प्रयोगशाळेत काचेच्या बशीत तसं दिसलंय, वगैरे. बशीतलं सगळंच माणसाच्या शरीरात होतं असं नाही, हेही खाली लिहिलं होतं. खालचं कोण वाचतो!

आता आमच्या घरच्या दह्याबद्दल. लग्न झाल्यापासून मी त्याला नावं ठेवत आलो. कधी आंबट, कधी पाणचट. "हे दही आहे की ताक, एकदा ठरव," हा माझा जेवतानाचा ठरलेला टोमणा, पाहुण्यांसमोरसुद्धा. ती हसायची आणि माझी वाटी उचलून आपल्या ताटात घ्यायची. त्या दिवशी मी आपणहून वाटी पुढे केली. दुसऱ्या दिवशी नाश्त्यालाही दही मागितलं, रात्री भातावर परत.

तिने बाजारात जाऊन मातीचं गाडगं आणलं. दह्यासाठी म्हशीचं दूध वेगळं घ्यायला लागली. थंडीचे दिवस, म्हणून विरजण लावलं की गाडगं टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी ठेवायची आणि सकाळी उठल्याबरोबर आधी ते उघडून बघायची. उरणच्या बहिणीला फोनवर सांगताना मी ऐकलं, "अगं, यांना माझं दही आवडायला लागलंय. आता या वयात!" मी पेपर आणखी वर धरला. गंमत म्हणजे दही खरोखरच छान लागत होतं, वडी पडेल इतकं घट्ट. ते मात्र मी बोललो नाही. जळजळ वाढतच होती.

मग एका सकाळी हुडहुडी भरून ताप आला आणि तिनेच मला रिक्षात घातलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "काका, लघवीला जळजळ होते? कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

"मग आला का नाहीत?"

"दही खात होतो," मी पंख्याकडे बघत म्हणालो. "मोबाइलवर वाचलं होतं, त्याने जंतू जातात म्हणून."

डॉक्टर हसले असते तर बरं झालं असतं. "दही खा की, चांगलंच आहे. पण इन्फेक्शन झाल्यावर वाटीभर दह्याने ते जात नाही. आधी लघवी तपासायला द्या, मग गोळ्या. कोर्स पूर्ण करायचा. अजून थांबला असतात तर किडनीपर्यंत गेलं असतं."

"म्हणजे तुम्ही औषध म्हणून खात होतात?" बाजूच्या खुर्चीवरून तिने हळूच विचारलं.

मी मान हलवली. दुखणं उघडं पडल्याची लाज वाटायला हवी होती. तेवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता. ती लाज वाटलीच नाही. वाटली ती वेगळीच लाज. बायकोकडे बघायचं धाडस होईना. घरी परतताना रिक्षात ती गोळ्या जेवणाआधी की नंतर, एवढंच विचारत राहिली. चिडली असती तर मला जमलं असतं, चिडणं मला कळतं.

ताप उतरला आणि तोंडाला चव आली. दुपारी जेवायला बसलो तर ताटात भात, आमटी, मेथीची भाजी. दही नव्हतं. मला ते हवं होतं, आणि मागायची लाज वाटत होती. अर्धा भात संपल्यावर कसंबसं म्हणालो, "दही?"

"आता कशाला? गोळ्या चालू आहेत ना," ती म्हणाली आणि मला आणखी आमटी वाढली. आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं.