भोंग्याच्या वेळची गोळी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सिल्वासाजवळ नरोलीत, सूत पिळणाऱ्या एका कारखान्यात मशीन चालवत होतो. भाड्याच्या खोलीत आम्ही तिघे राहायचो. धुळ्याकडचे एक वडीलधारे, ज्यांना सगळे आबा म्हणत, नंदुरबारचा एक माझ्याच वयाचा, आणि मी. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने दोन गाद्या तिघांना पुरत.

पहिली आकडी मला आठवत नाही. इथे लिहितो ते या दोघांनी सांगितलेलं आहे. सुट्टीच्या दुपारी मी मुळा चिरत होतो. आधी उजवा हात उडू लागला, मग तोंड वाकडं झालं, मग मी कोसळलो. नंदुरबारवाल्याने माझ्या नाकाशी चप्पल धरली. आबांनी ती हिसकावून फेकली, सुरी दूर सरकवली आणि मला कुशीवर वळवलं. शुद्धीवर येताना कानावर पडलं ते आबांचं वाक्य :

"वासानं माणूस उठत असता, तर तुझ्या मोज्यांनी स्मशान उठवलं असतं."

वापीच्या डॉक्टरांनी सुरतेहून स्कॅन काढून आणायला सांगितलं. मेंदूच्या डाव्या भागात एक बारीक गोल डाग होता आणि त्याच्याभोवती सूज. पट्टकृमीची, म्हणजे टेपवर्मची अळी, डॉक्टर म्हणाले. मी म्हणालो, आमच्या घरात मटण शिजत नाही.

"मुळा खाता ना? कच्चा? या कृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात, हातातून जातात." मग त्यांनी डागावर पेन टेकवलं. "अळी जिवंत असते तोवर गप्प असते. मरायला लागली की शरीर तिच्यावर धावून जातं. त्यातून ही सूज येते, आणि सूज शेजारच्या पेशींना डिवचते. अळीपेक्षा या सुजेचाच त्रास जास्त."

सूज उतरवायला थोडे दिवस एक औषध दिलं आणि आकडी थांबवायला रोज झोपताना एक गोळी.

आमचे सुपरवायझर पुण्याचे होते. त्यांनी आवाज चढवला नाही. "मशीनजवळ पडलात तर हात जाईल. पुन्हा झालं तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही." नोकरी गेली असती तर गावी परतावं लागलं असतं, आणि गावात मिरगीवाला हे नाव एकदा पडलं की पुसत नाही.

गोळी मी नेमाने घेत होतो. नाइट असली की सकाळी झोपताना, दिवसपाळी असली की रात्री. पण नाइट संपवून दिवसपाळीवर आलो त्या बदलीत झोपच झाली नाही. झोप नाही, म्हणून गोळीही नाही. दुसरी आकडी कॅन्टीनच्या रांगेत आली. सुदैवाने मशीनपासून लांब.

डॉक्टर रागावले नाहीत. "शेतकऱ्याला 'झोपताना' सांगून चालतं. पाळीवाल्याला वेगळं सांगायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं." कुठलीही पाळी असो, संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की गोळी, असं ठरलं. आणि जागरण बंद.

नाइट न करणारा ऑपरेटर ठेवायची पद्धत कारखान्यात नव्हती. सुपरवायझर म्हणाले, "मशीनजवळ पडला नाहीत, म्हणून ठेवतो. पण नाइटला तुमच्या जागी उभं राहणारा माणूस आणा. मशीन चालू राहिलं, तर मी विचारणार नाही."

मी खोलीत ते सांगितलं तेव्हा आबा भाकरी थापत होते.

"तुझ्या नाइट आम्ही दोघं वाटून घेऊ."

"आबा, तुमच्या स्वतःच्या नाइट असतात."

"मग? हा घोरतो. रात्री मला झोप लागते कुठे?"

"मी घोरतो?" नंदुरबारवाला म्हणाला. "तुम्ही घोरता तर घरमालक विचारतो, खोलीत पंप बसवला का."

विषय तिथेच संपला. पुढे माझं मशीन त्या दोघांनी सांभाळलं. मोबदल्याचा शब्द कधी निघाला नाही. उलट भोंगा झाला की खोलीत जो असेल तो पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवी आणि गोळी गिळेपर्यंत बघत राही. बाजारातून आलेली भाजी नंदुरबारवाला दोनदा धुई.

नंतरच्या स्कॅनमध्ये डाग नव्हता. आकड्याही परत आल्या नाहीत. कालांतराने डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करून बंद केली, आणखी काही महिने वाट पाहिली आणि मग नाइट करायला हरकत नाही म्हणाले.

त्याच आठवड्यात आबांची नाइट मी मागून घेतली. सकाळी परतलो तेव्हा ते गादीवर उठून बसले होते. डोळे लाल होते.

"झोपला नाहीत?"

"रात्री झोपायची सवय मोडली रे," आबा म्हणाले. "आणि तू तिकडे एकटा."

त्यांनी तांब्या पुढे केला. गोळी नव्हती, तरी मी पाणी प्यालो.