कुवेतला विमान किती वेळात पोचतं

डोक्यावरून विमान गेलं की ती घटना आजही आठवते. सत्तरच्या दशकात मी रहिमतपूरच्या बाजूला फौजदार होतो. एका सकाळी खबऱ्याने बातमी आणली. जवळच्या गावातला एक तरुण दोन वर्षांनी कुवेतहून परतलाय, घरात परदेशी रेडिओ आणि घड्याळ आहे, माल चोरटा दिसतो. तस्करीबाबत तेव्हा वरून कडक हुकूम होते. मी त्याला मालासकट ठाण्यात आणवला. मागोमाग त्याची आई आली आणि व्हरांड्यात बसून राहिली.

माल तिकडून आणला, एवढंच तो सांगे. कस्टमची पावती नव्हती. गुन्हा दाखल करायचा तेवढा बाकी होता. अशा वेळी मी मुद्दा सोडून भलतंच विचारतो. खोटं बोलणारा मुद्द्यापुरतीच तयारी करून येतो.

"विमानाला किती वेळ लागला रं?"

"दोन दिस, सायब. मदी रातच्याला थांबलं हुतं, पानी भराया."

हवालदाराने मान डोलावली. लांबचा प्रवास त्यानेही रेल्वेचाच केलेला, आणि इंजिनाला पाणी लागतंच! माझा मेहुणा मात्र सांताक्रूझ विमानतळावर नोकरीला होता. मुंबई ते कुवेत सतराशे मैलांच्या आसपास, विमान चार तासांत पोचतं, हे मी त्याच्याकडून ऐकलं होतं.

हवालदाराला बाहेर पाठवून मी दार लोटलं. "गड्या, तू विमानात बसलाच नाहीस."

तो हमसून रडायला लागला. नोकरी लावणारा दलाल मुंबईतच पसार झाला होता. "गावानं हलगी लावून, गुलाल टाकून एस्टीत बशीवलं हुतं, सायब. कंच्या तोंडानं माघारी येऊ? आय समद्यास्नी सांगत सुटली हुती, ल्योक इमानानं गेला म्हनून." दोन वर्षं तो गोदीत हमाली करत होता. रेडिओ आणि घड्याळ जुन्या मालाच्या दुकानातून घेतलेलं. मुंबई पोलिसांना कळवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, दुकानदाराने त्याला ओळखलं होतं.

"आयला तेवडं सांगू नगासा," एवढंच त्याचं मागणं होतं. मला त्याची फार दया आली. जबाबात मी खरं तेच लिहिलं, पण गावात दवंडी पिटा असा काही कायदा नव्हता. सोडताना हळूच म्हणालो, "कुणी विचारलं तर चार तास सांग. आणि विमान पाण्यावर चालत नाही." रडता रडता तो हसला.

बाहेर त्याची आई रात्रभर बसून होती. "मावशी, माल सरळ आहे, घेऊन जा याला," मी म्हणालो.

"म्या सांगतच हुते," असं हवालदाराला ठणकावून ती लेकाजवळ गेली. त्याच्या मानेखाली ओझ्याने पडलेला घट्टा होता, त्यावरून तिने हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"आता नगं जाऊस रं बाबा," ती म्हणाली. "इमानात पोती उचलाया लावत्यात."

तिला कधीपासून ठाऊक होतं, देव जाणे. पुढे नोकरीत खोटं पुष्कळ पकडलं, पण ते कुणासाठी बोललं गेलं, हे मी त्या दिवसापासून आधी विचारू लागलो.