आमिनाबीची फसकी

वडवणीच्या बाजारात आमिनाबीला न ओळखणारा माणूस भेटला, तर तो बाजाराला आलेलाच नाही असं समजावं. दिवाळीच्या सुमाराला सीताफळं, मग पेरू, बोरं, उन्हाळ्यात खरबुजं. गाडा एकच, जागा एकच, जीभ मात्र दहा जणींची. कुणी भाव फारच पाडून मागितला की ती म्हणते, "फळ खाली ठिव, बाबा. तुझ्या भावात त्याची बी पन यायची न्हाई." आम्ही सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतो.

तर अशी ही बाई बाजाराच्या दिवशी पाण्याचा थेंब घेत नसे. एकटी तीच नाही, बाजारात बसणारी एकही बाई घेत नसे. कारण सांगायला लाज कसली? बाजारतळावर बायकांना जायला जागाच नव्हती. पुरुषांचं बरं असतं, भिंत दिसली की भागलं. बायका पहाटे घरून निघायच्या त्या अंधार पडेपर्यंत तशाच. शेवटी खाला तापानं फणफणली, पोटात कळा यायला लागल्या, तिला बीडला दवाखान्यात न्यावं लागलं. मूत्रपिंडाला सूज होती. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर प्या, पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल. खाला त्यांना म्हणाली, "पिते की, साहेब. जायचं कुठं, तेवढं चिठ्ठीवर लिहून द्या."

दवाखान्यातून सुटली ती घरी न जाता थेट माझ्याकडे आली. बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र आहे.

"सायले, मोबाईलवर लोकं आपरेशनसाठी पैशे जमा करतेत म्हनं. आपल्याला बायकांचा संडास बांधायचाय. जागा धोंडीराम आबा देतो म्हनलेत."

धोंडीराम आबांचं पेंडीचं दुकान बाजारतळाला लागून आहे. त्यांची सूनही बाजारात भाजी घेऊन बसते, म्हणून मागचा मोकळा तुकडा त्यांनी कागद करून देऊ केला होता.

मी अशा एका वेबसाइटवर पान उघडलं. तिथला नियम असा, की मुदतीत ठरलेली रक्कम पुरी झाली तरच पैसे मिळणार, नाहीतर ज्याचे त्याला परत. तिथल्या मॅडमचा पुण्याहून फोन आला. म्हणाल्या, फोटो जरा भावनिक पाहिजे; आजी अंथरुणावर असतील, डोळे भरलेले असतील, तर लोक लगेच देतात. फोन स्पीकरवर होता.

"मी कावून रडू?" खाला म्हणाली. "माझं कुनी मेलंय का? हगायमुतायला जागा मागते, भीक न्हाई मागत."

मग मी तिचा गाड्याशेजारी फोटो काढला, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात तराजू. खाली तिचेच शब्द टाकले: आमच्याकडं जागा हाय, अक्कल हाय, विटा कमी हायेत. ज्याला पटंल त्यानं द्याव्यात, कीव करनाऱ्यानं पुढं जावं. मॅडम म्हणाल्या, हे चालणार नाही. मी म्हटलं, मग नाही चालणार, पण फोटो हाच.

त्या पानावर आणखी एक सोय होती. बांधकाम कसं असावं याचा आराखडा कुणीही पाठवू शकत होतं. चित्रं भराभर आली. एकात भिंतभर रंगीत पाखरं, एकात काचेचं छत. खाला एकेक बघायची आणि एवढंच विचारायची, "टोपली कुठं ठिवायची?" बाजारातल्या बाईबरोबर टोपली असते, कडेवर लेकरू असतं, आणि टोपली बाहेर ठेवली तर निम्मा माल गेला समजा. मी हा प्रश्न सगळ्यांना पाठवला. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. नागपूरला शिकणाऱ्या प्रियदर्शनीनं मात्र लिहिलं, मला हे सुचलंच नव्हतं, मी येते. आणि ती खरंच आली.

पुढच्या बाजारी तिनं आबांच्या तुकड्यावर चुन्याच्या फक्कीनं खऱ्या मापाच्या खोल्या आखल्या. बायका डोक्यावर टोपली घेऊन त्या रेघांत शिरायच्या, वळून बघायच्या, बसून बघायच्या. कुणी म्हणे दार बाहेरच्या बाजूला उघडू द्या, कुणी म्हणे कडी वर घ्या, लेकरं लावून घेतात. भाजीवाल्या वत्सलाबाई खाली बसल्या आणि गुडघ्यांमुळं त्यांना उठताच येईना. प्रियदर्शनीनं लगेच तिथं धरायच्या नळीची खूण केली. जुनी रेघ पुसायची, नवी मारायची. दुपारपर्यंत आराखडा ठरला, आणि हसून हसून सगळ्यांची पोटं दुखायला लागली होती.

पैसे मात्र निम्म्यावर अडले. मुदत संपत आली तेव्हा अमरसिंह भाऊ गाडीतून उतरले. भाऊ म्हणजे गावचे पुढारी. बाजाराच्या वसुलीचा ठेका त्यांच्या मेहुण्याकडे.

"खाला, राहिलेलं सगळं मी टाकतो," ते म्हणाले. "फक्त दारावर कमान करू. आमच्या मातोश्रींचं नाव आन् माझा एक फोटो."

"संडासाच्या दारावर आईचं नाव, भाऊ?"

"बरं, मग माझा फोटो तरी."

"बायका आत जाताना तुमास्नी बगनार, भाईर येताना बगनार. न्हाई पटत मला."

भाऊ चिडले नाहीत, हसले. "विचार करा. मुदत संपली की हातचं पन जाईल."

"जाऊ द्या," खाला म्हणाली.

आणि गेलंच. मुदत संपली, सगळे पैसे ज्याचे त्याला परत गेले. मला रडू आलं आणि तिचा संतापही आला. म्हटलं, एका फोटोनं काय बिघडलं असतं, पुन्हा दवाखान्यात पडायचंय का तुला?

"इतकी वर्सं हितंच बसते मी. तवा ह्यांना दिसलं न्हाई. आता ह्यांच्या फोटोखालून जाऊ? मरंन, पन न्हाई जायची."

माझा राग काही गेला नाही.

आमच्या बाजारात फसकीची जुनी रीत आहे. फसकी म्हणजे मूठ. वसुलीवाला पावती तर फाडतोच, वर प्रत्येकीच्या ढिगातून मूठभर माल उचलतो. रीतच आहे म्हटल्यावर कुणी बोलत नाही. मुदत संपल्यानंतरच्या पहिल्याच बाजारी खालानं गाडा लावलाच नाही. खांद्याला पोतं अडकवलं आणि पहिल्या दुकानापासून फिरायला लागली.

"त्याला देतेत, तशी मला पन द्या. फसकी."

मूठभर मिरच्या, मूठभर तूर, चार कांदे. बांगडीवाल्यानं बांगड्या दिल्या, चपला विकणाऱ्या फिरोजनं एक जोड दिला. वसुलीवाला आडवा आला.

"खाला, फसकीचा हक ठेक्याचा हाय."

"कुठं लिहिलंय ते दाव. लिहिलेलं आसंल तर पोतं हितंच ओतते."

त्याला कुठलं दाखवता यायचंय? पुढच्या बाजारी त्यानं वत्सलाबाईंच्या वांग्यांत हात घातला, तर त्यांनी मनगटच धरलं. "आमची फसकी दिली खालाला." मग बाजारभर तेच उत्तर.

संध्याकाळी पोत्यातला माल खाला तिथंच ओरडून विकायची. एका बाजाराच्या विटा आल्या, दुसऱ्याची वाळू. मी त्या पोत्याचा व्हिडिओ टाकला, तेव्हा ज्यांचे पैसे परत गेले होते त्यांतल्या कितीतरी जणांनी ते थेट सिमेंटच्या दुकानात पाठवले. भिंती हळूहळू वर आल्या. सीताफळं पुन्हा बाजारात आली, तेव्हा दारं बसली होती, पाणी आलं होतं.

उघडायच्या दिवशी बघते तर बाहेरच्या दाराला लाल फीत. सकाळीच भाऊंच्या माणसांनी येऊन बांधली होती. भाऊ कात्री घेऊन येणार, तोवर कुणी आत जायचं नाही, असं ते बायकांना सांगत होते. एका पैशाचा हातभार लागला नव्हता यांचा, आणि फीत यांची! माझं डोकं फिरलं. खाला मात्र शांत होती. घरून पोटभर पाणी पिऊन आली होती, आणि आता गाड्याशी उभी राहून सगळ्यांदेखत आणखी एक तांब्या घटाघटा प्यायली. बाजारात तिला पाणी पिताना मी पहिल्यांदाच बघत होते, माझे डोळे भरून आले. तिनं पदरानं तोंड पुसलं, टोपली उचलली आणि चालायला लागली.

"खाला, भाऊ येईस्तोर थांबा की," एक जण म्हणाला.

"लई वर्सं थांबले," ती म्हणाली. फीत वर उचलून, खालून वाकून ती आत गेली आणि तिनं बाहेरच्या दाराचीच कडी आतून लावून घेतली.

तेवढ्यात भाऊंची गाडी आली. हातात कात्री, मागं फोटोवाला. बायकांच्या संडासाच्या बंद दारासमोर भाऊ तसेच उभे राहिले. फोटोवाल्यानं कॅमेरा वर केला, तसे ते हळूच म्हणाले, "नको काढू बे."

त्यांच्या मागं वत्सलाबाई टोपली घेऊन येऊन उभ्या होत्या.

"भाऊ, जरा सरका," त्या म्हणाल्या. "आता माझा लंबर हाय."