सिद्धनाथअण्णा आधी हसले

भवानी पेठेतल्या सिद्धनाथअण्णांचे कान मागांच्या खडखडाटाने खाल्ले. मंद्रूपहून मिसरूड फुटायच्या आत आले, ते म्हातारे होईपर्यंत चादरीच्या कारखान्यातच. तिथं त्यांचं काही अडलं नाही, कारण त्या आवाजात धडधाकट कानाचाही बहिराच. सगळा कारभार हातवाऱ्यांवर. अडायचं ते बाहेर, चारचौघांत. पोराने कानाचं मशीन आणून दिलं होतं, पण ते घातलं की डोक्यात भांडी आदळायची, म्हणून कपाटात पडलं.

आणि गडी पडला मानी. बहिरा म्हणवून घेणार नाही! मग बायकोने, गोजरबाईने, तोड काढली. लग्नकार्यात ती शेजारी बसायची आणि हसायची वेळ आली की हळूच कोपर मारायची. की अण्णा खो खो हसलेच. लोक म्हणायचे, माणूस कसा दिलखुलास आहे बघा.

गेल्या वर्षी मात्र घात झाला. पोराच्या सासुरवाडीला जेवताना गोजरबाई ताकाचा तांब्या घ्यायला वळली आणि कोपर उगाच लागलं. अण्णा मोठ्याने हसले. व्याही नेमके तेव्हा आपल्या थोरल्या भावाचं मरण सांगत होते.

त्या दिवसापासून अण्णांनी कुणाकडे जाणंच सोडलं. आता नातीचा, रेश्माचा, साखरपुडा मोडनिंबला ठरला, तेच व्याहीही तिथं येणार, तर यांचं एकच पालुपद, "मी येत न्हाय. पुन्ना शोभा नको." रेश्मा रडली, पोरगा चिडला, गोजरबाई तर स्वतःलाच दोष देत बसली. कोपर तिचंच होतं ना!

मे महिन्यात गल्लीतल्या वाचनालयाने अंगणात पडदा लावला. शंभर वर्षांपूर्वीचा मुका, विनोदी, बॉक्सिंगचा छोटा सिनेमा. गोजरबाईने खुणेनं सांगितलं, त्यात कुणी बोलतच नाही, आणि अण्णांना हाताला धरून ओढत नेलं.

पडद्यावर एक काडीपैलवान पाववाला होता. त्याच्यासमोर रेड्याएवढा बॉक्सर, मागे शिट्टी घेऊन रेफरी. सगळे पाववाल्याचं भेदरलेलं तोंड बघत होते. अण्णांची नजर गेली त्याच्या बुटाकडे. नाडी सुटली होती. जन्मभर तुटका धागा हेरलेला माणूस तो, दुसरीकडे कुठे बघणार? आता हा नाडी बांधायला वाकणार, ठोसा डोक्यावरून जाणार आणि मागचा रेफरी... अण्णा खदखदून हसले. एकटेच.

अंगणातली डोकी वळली. पुन्हा चुकलं! तोंड दाबून ते उठायला लागले. डोकी परत फिरतात न फिरतात तोच पडद्यावर पाववाला वाकला, ठोसा सुटला आणि रेफरी रिंगणाच्या दोरावरून थेट प्रेक्षकांच्या खुर्च्यांत. अंगण हसून हसून लोळलं.

गोजरबाईने यातलं काहीच पाहिलं नव्हतं. ती जीव मुठीत धरून नवऱ्याच्याच तोंडाकडे बघत होती. तिने हाताने विचारलं, काय झालं? अण्णा परत टेकले आणि कारखान्यातल्या खुणांनी तिला सगळं दाखवलं, नाडी, वाकणं, ठोसा, रेफरी. ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. ते बघून अण्णांचेही डोळे भरले.

"गोजरे," ते म्हणाले, आणि बहिऱ्या माणसाचा आवाज तो, अख्ख्या गल्लीत गेला, "इतकी वर्सं माजं हसू तू संबाळलंस. लई उपकार हायेत तुजे."

तिने लाजून ओठांवर बोट ठेवलं. माणसं ऐकतायत!

"ऐकू दे की. मोडनिंबला यीन आन आदी व्याह्यांची माफी मागीन. मग समद्यांस्नी सांगीन, मी भैरा हाय. आन माजे कान म्हंजी ही हितं बसलीया ती."