धनुबाईचा फुकटचा फोटो

शहाद्याच्या बसस्टँडमागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत चेतना वेबसाइट बनवून द्यायची. बियाण्याचे दुकानदार, केळीचे व्यापारी, दोन-तीन डॉक्टर आणि एक इंग्रजी शाळा, एवढी तिची गिऱ्हाइकं. हे काम तिला कुणी शिकवलं नव्हतं. नवरा चंदन सूतगिरणीत गेला की ती जुना लॅपटॉप उघडायची आणि मोबाइलवर व्हिडिओ लावून, थांबवून, पुन्हा मागे नेऊन एकेक गोष्ट करून बघायची. अशीच शिकली.

तिच्या धंद्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू फुकटची होती. मराठी अक्षरांचे फॉन्ट कुणीतरी बनवून लोकांसाठी ठेवलेले. फोनची, पत्त्याची, घड्याळाची छोटी चित्रं ठेवलेली. पानाचा अख्खा सांगाडासुद्धा तयार मिळायचा, त्यात फक्त दुकानाचं नाव आणि रंग घालायचा. आणि फोटो. फुकट फोटोंच्या साइटवर जगातल्या कुठल्याही गोष्टीचा फोटो मिळायचा. काढणाऱ्याचं नावही द्यावं लागायचं नाही, उचलायचा आणि वापरायचा. डोळ्यांच्या दवाखान्याच्या वेबसाइटवर तिने एका निळ्या पटक्याच्या म्हाताऱ्याचा फोटो लावला होता. तो कुठला, जिवंत आहे की नाही, तिला माहीत नव्हतं. डॉक्टरांनीही विचारलं नाही.

कधीतरी तिला वाटायचं, आपण या सगळ्यांचं नुसतं घेतोच आहोत. आपणही काही ठेवलं पाहिजे.

म्हणून तिने मोबाइलवर फोटो काढायला सुरुवात केली. कापूस वेचणारे हात, ट्रकमध्ये रचलेले केळीचे घड, तोरणमाळच्या घाटातलं धुकं. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी, तापीकाठच्या प्रकाशा गावी गेली होती. आखाजीला खानदेशात लेकी माहेरी येतात, घराघरात आमरस आणि मांडे होतात. तिची आई धनुबाई सकाळपासून मांडे भाजायच्या खापराजवळ बसली होती, कारण त्या वर्षी सुरतेहून कुंदनही येणार होता. कुंदन म्हणजे चेतनाचा मोठा भाऊ. सुरतेत कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर. वडील, नवलभाऊ, वारल्यापासून धनुबाई घरात एकटी राहायची. शेत बटाईने दिलेलं, दारात एक म्हैस.

दुपार झाली, कुंदन आला नाही. फोन केला तर लागला नाही. जेवणं उरकली. धनुबाई दाराच्या उंबऱ्यावर येऊन बसली, हनुवटीखाली हात, नजर रस्त्याकडे. उन्हं उतरत होती आणि तिच्या चेहऱ्याच्या एका बाजूवर पिवळा उजेड पडला होता. चेतनाने फोटो काढला. आई का बसली आहे हे तिला ठाऊक होतं. पण उजेड खरंच फार चांगला होता.

"माय, हाऊ फोटू इंटरनेटवर ठेऊ का?"

धनुबाई हसली. "ठेव ना. मन्हा तोंडले कोन दखाले बठेल शे?"

संध्याकाळी कुंदनचा फोन आला. साहेबांनी सुट्टी दिली नाही, म्हणाला. धनुबाईने उरलेले मांडे शेजारच्या फुलवंताबाईकडे पाठवून दिले.

शहाद्याला परतल्यावर चेतनाने तो फोटो फुकट फोटोंच्या साइटवर टाकला. परवान्याचा मजकूर तिने अनेकदा वाचलेला होता. कुणीही वापरा, कशासाठीही वापरा, विचारायची गरज नाही. फोटोतल्या व्यक्तीची संमती आहे का, या चौकोनात तिने खूण केली. संमती होतीच.

तो फोटो चालला. तिचे कापसाचे, केळीचे फोटो पडून होते, पण म्हातारीचा फोटो लोक भराभर घेऊ लागले. एकदा चेतनाला तो कुठल्याशा परदेशी चहाच्या वेबसाइटवर दिसला. एकदा गुडघेदुखीच्या तेलावर. तेलाची जाहिरात तिने आईला दाखवली तेव्हा धनुबाईने पदर तोंडाला लावून हसू दाबलं.

"मन्हा गुडघा त आजून धडधाकट शेतस!"

फुलवंताबाईला बोलावून तिने तो फोटो दाखवला. चेतनालाही बरं वाटलं. आपणही जगाला काहीतरी दिलं असं वाटलं.

पावसाळा संपता संपता एका बातम्यांच्या पोर्टलवर लेख आला. म्हाताऱ्या आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्या मुलांवरचा. लेख तसा ठीक होता, कुणा एका माणसाबद्दल नव्हता. वर मात्र धनुबाईचा फोटो होता आणि फोटोखाली एक शब्दही नव्हता. पुढचं काम कुणीतरी केलं. फोटो कापून त्यावर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं: "पोटच्या पोराने टाकलेली ही माउली. शेअर करा, मुलापर्यंत पोचवा." दोन दिवसांत ते चित्र शहाद्यातल्या प्रत्येक ग्रुपवर आलं. प्रकाशाच्या ग्रुपवर आलं तेव्हा लोकांनी चेहरा ओळखला.

धनुबाईकडे साधा फोन होता. तिला कळलं ते वेगळ्या रीतीने. पिठाच्या गिरणीवर तिला बघताच बायका बोलायच्या थांबल्या. फुलवंताबाईने संध्याकाळी वाटीभर भाजी आणली.

"धनुबाई, हाई भाजी ठेव. आम्ही शेतस ना."

"मन्हा घर भाजी शे की. काय व्हयनं?"

फुलवंताबाई वाटी ठेवून गेली.

चौथ्या दिवशी दारात एक पांढरी गाडी उभी राहिली. कुठल्याशा सामाजिक मंडळाची तरुण मुलं होती. त्यांनी ओट्यावर गहू, तेल, साखर, साबण आणि एक ब्लँकेट ठेवलं. धनुबाईने आधी त्यांना पाणी दिलं, मग चहा टाकला. पाहुणे कोण, कशाला आले, तिला समजेना. मुलांपैकी एकजण तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि मोठ्या मायेने म्हणाला, "आजी, काळजी करू नका. मुलाने टाकलं तरी आम्ही आहोत."

"कोना पोऱ्यानी टाकं?"

मुलाने मोबाइल काढून तिला फोटो दाखवला. धनुबाईला वाचता येत नव्हतं. त्याने वाचून दाखवलं.

ती उभी राहिली आणि म्हणाली, "मन्हा आंडोर सुरतले कामले शे. त्यानी माले टाकेल नही. हाई सामान उचला." मुलं एकमेकांकडे बघू लागली. आई मुलाला पाठीशी घालणारच, असं त्यांना वाटलं असावं. जाताना त्यांनी तिच्या हातात ब्लँकेट दिलं आणि ती ते परत करेपर्यंत फोटो काढून घेतला. तो फोटोही रात्री ग्रुपवर आला.

चेतनाने त्याआधीच पोर्टलला लिहिलं होतं. दोन दिवसांनी उत्तर आलं. फोटो मोफत परवान्याचा आहे, वापरात चूक नाही, तरी आपल्या भावनांचा आदर करून काढत आहोत. त्यांनी तो खरंच काढला. तिने स्वतःही फुकट फोटोंच्या साइटवरून तो काढून टाकला. पण ज्यांनी आधी घेतला त्यांना तो वापरायची मुभा कायम राहील, असं परवान्यातच होतं. इतकी वर्षं तिने हेच कलम धरून अनोळखी चेहरे वापरले होते, तेव्हा त्यातलं काही तिला खटकलं नव्हतं. आता ती ते पुन्हा पुन्हा वाचत बसली. चंदन जेवायला हाक मारायचा आणि ती नुसती मान हलवायची.

कुंदन शनिवारी सकाळी आला. दोन वर्षांत पहिल्यांदाच. चेतनाही शहाद्याहून पोचली होती. त्याने चपलाही काढल्या नाहीत.

"गावभर मन्हं नाव खराब व्हई गयं," तो ओरडला. "सुरतमा बी लोके इचारतस, माय कोठे टाकी दिधी? कारखानामा माले तोंड दाखाडाले जागा नही ऱ्हायनी."

"भाऊ, ते मी लिखेल नही."

"फोटू त तूच काढा ना! तूच ठेवा ना फुकटमा, बठ्ठा जगले!"

चेतनाचं डोकं फिरलं. "आनि तू? दोन वरीस तू उना का घर? आखाजीले माय दिवसभर दारमा बठेल व्हती."

"सुट्टी भेटस का माले? बारा-बारा घंटा उभं ऱ्हावाले लागस. तुले काय, घरमा बठीसन बटन दाबाना."

धनुबाई चुलीजवळ होती. तिने दोघांनाही गप्प बसायला सांगितलं नाही. दूध उतू गेलं आणि जळका वास घरभर पसरला, तेव्हा कुठे दोघं थांबले. कुंदन भिंतीला टेकून खाली बसला. त्याचे केस पुष्कळ पिकले होते, चेतनाला ते तेव्हा दिसलं. थोड्या वेळाने तो हळू आवाजात म्हणाला, "माय, चाल मन्हासंगे. सुरतले. आजच."

यापूर्वी त्याने असं कधी म्हटलं नव्हतं. दोन खोल्यांचं घर, बायको काजल, दोन मुलं, जागा नव्हतीच. आताही नव्हती.

चेतनाला वाटलं आई नाही म्हणेल. म्हैस आहे, घर आहे, तापीच्या घाटावर रोज देवळात जाणं आहे. धनुबाईने चुलीवरची राख पुसली आणि म्हणाली, "चालीन."

दुपारी कपड्यांची गाठोडी बांधताना चेतना तिच्याजवळ बसली. "माय, तुन्हं मन शे का जावानं?"

"मी नही गऊ त लोके त्याले नावे ठेवतीन."

"मन्ही चूक व्हयनी, माय. मी तो फोटू ठेवाले नको व्हता."

धनुबाईने लुगडं घडी घालून गाठोड्यात दाबलं. "फोटू काही खोटा नही व्हता, बाई. मी वाट दखी ऱ्हायंती. तेच त्यामा उनं."

म्हैस फुलवंताबाईच्या गोठ्यात बांधली. दाराला कुलूप लावलं. गल्लीतली माणसं ओट्यांवर उभी राहून बघत होती, आणि कुंदनने मुद्दाम आईचा हात धरून तिला स्टँडपर्यंत नेलं. संध्याकाळी त्याने स्टेटसला फोटो ठेवला. बसमधल्या खिडकीशी आई, शेजारी तो. खाली जोडलेल्या हातांचं छोटं चित्र. गावच्या ग्रुपवर बऱ्याच जणांनी शाबासकी दिली. विषय तिथेच संपला.

चेतनाचं काम चालू राहिलं, पण हात आखडला. शाळेच्या हेडमास्तरांनी नवीन वर्षासाठी हसऱ्या मुलांचे फोटो टाकायला सांगितले. तिने फुकटच्या साइटवर शोधलं, एका मुलीच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि घेऊ शकली नाही. आपल्याच शाळेतल्या मुलांचे फोटो काढू, आईबापांना विचारू, असं तिने सुचवलं. एवढा वेळ कुणाला आहे, असं म्हणून मास्तरांनी ते काम नंदुरबारच्या कुणालातरी दिलं. डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला तर ती उचलत नसे. हळूहळू ती फक्त बियाण्याच्या दुकानांची कामं करू लागली. तिथे पाकिटांचे फोटो लागत.

दिवाळीनंतर ती सुरतेला गेली. कुंदनचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. कुंदन कामावर होता, मुलं शाळेत. काजल खालच्या मजल्यावर साड्यांना लेस लावायला जायची. दार धनुबाईनेच उघडलं. ती वाळली होती. तिची खाट मधल्या खोलीत कपाटाला लागून होती आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची.

तिला कुणी त्रास देत नव्हतं. वेळेवर जेवण मिळत होतं, काजल औषध आठवणीने द्यायची, रविवारी कुंदन तिला तापीवर नेऊन आणायचा. नदी तीच, प्रकाशाहूनच वाहत येणारी, पण धनुबाईला तिचा वास आवडत नव्हता. दिवसभर मात्र घरात कुणी नसायचं. बोलायला कुणी नसलं की ती पाणी भरलेले हंडे रिकामे करून पुन्हा भरायची. दुपारी वर आली तेव्हा काजलने हे चेतनाला सांगितलं, तक्रारीच्या सुरात नव्हे, घाबरून.

चेतनाने आईच्या डोक्याला तेल लावलं. लावता लावता म्हणाली, "माय, चाल ना घर. मी येत जासू दर शनवारे."

धनुबाईने डोळे मिटले होते. "आते कशी येऊ? मी परत उनू त लोके म्हनतीन, पोऱ्यानी घरमा बी ठेवं नही."

"म्हनू दे."

"नको, बाई. भलता दमस तो. रातले उना का पाय चेपाले बी कोनी नही त्याले. मीच चेपस."

कुंदन अंधार पडल्यावर आला. बहिणीला बघून तो अवघडला, मग त्याने विचारलं, जेवलीस का. आईच्या खाटेच्या कडेला बसला आणि तिने खरंच त्याचे पाय मांडीवर घेतले. तो बसल्या बसल्या झोपला.

सकाळी चेतना निघाली तेव्हा धनुबाई जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत आली. खाली उतरायला नको म्हणाली, चढताना धाप लागते. बसमध्ये नवापूर येईपर्यंत चेतना खिडकीला डोकं टेकून बसून राहिली. शेजारच्या बाईने विचारलं, माहेरी गेली होतीस का. चेतनाला प्रकाशाच्या दाराचं कुलूप आठवलं. ती हो म्हणाली.