गाडीभोवती एक फेरी

माझे सासरे आयुष्यात कधी कुठल्या गाडीत सरळ जाऊन बसले नाहीत. रिक्षा असो, भाच्याची नवी मोटार असो, नाहीतर लग्नासाठी ठरवलेली क्रूझर. आधी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारायची, पोचा दिसला की तिथं बोट टेकवायचं आणि मोठ्यानं बोलायचं, ‘मागं डावीकडं एक. दाराखाली वरखडा.’ मग बसायचं. माझ्या लग्नात वरात निघायची वेळ झालेली, मी फेट्याखाली घामानं चिंब, आणि हे गृहस्थ सजवलेल्या गाडीच्या माळा बाजूला करून खालचे पोचे बघतायत! लातूरहून आलेले आमचे पाहुणे एकमेकांना कोपरानं ढोसत होते. पुढं काय वाढून ठेवलंय ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आम्ही त्यांना मामा म्हणायचो. नांदेडच्या डेपोत त्यांनी सगळी नोकरी काढली, एसटीचा चालक म्हणून आणि माणूस कमी पडला तर वाहक म्हणूनही. डेपोतली मंडळी त्यांच्या फेरीला प्रदक्षिणा म्हणत. ‘काय हो, तुमी तर बावीस प्रतिज्ञा घेतलेले, मग ह्या डब्यात देव कुठून आला?’ असं कुणी छेडलं की मामा तोंडावरची माशी न हलवता सांगत, ‘देव न्हाई, पोचे हायत.’ ही फेरी कशासाठी, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही समजायचो, सवय असते एकेकाची.

त्यांच्या उजव्या हातात जाड पोलादी कडं असायचं. गॅरेजवाल्या एका सरदारजी मित्रानं दिलेलं. डेपोत कुणाला एसटी मागं घ्यायची असली की मामा स्वतः मागं जाऊन उभे राहत आणि ते कडं पत्र्यावर वाजवत. दोनदा, खणखण, म्हणजे वाहकाची डबल बेल, येऊ द्या; एकदा खण म्हणजे थांबा. घरातही हीच भाषा चालायची. न्हाणीघराच्या दारावर आतून एक खण आलं की बाहेरच्यानं समजून घ्यावं. पहिल्या दिवाळसणाला मी लाडू वाढून घेताना नको नको म्हणत होतो, तर मामांनी माझ्या ताटाच्या काठावर दोनदा कडं वाजवलं. पोट फुटेस्तोवर खाल्लं मी.

आणि एक वाक्य त्यांच्या जिभेवर कायम असायचं. नांदेडात वजिराबादच्या गर्दीत चारी बाजूंनी हॉर्न बोंबलत असले आणि मी चरफडायला लागलो की म्हणायचे, ‘जावईबापू, गाडी अडकत न्हाई, माणूस अडकतो.’ मला ते ऐकून जास्तच चरफडायला व्हायचं. अहो, समोर ट्रक उभा आहे, मागं हातगाडा आहे, अडकली नाही तर काय गाडी?

सुजाता, म्हणजे माझी बायको, नर्स आहे. तिच्या नोकरीमुळं आम्ही आयर्लंडला आलो, आणि मामी गेल्यावर तीन महिन्यांसाठी मामांना तिकडं आणलं. मायेनंच आणलं, पण त्या माणसाला आम्ही कोंडून घातलं हे खरं. फ्लॅटचं दार मागं आपोआप लागायचं. दुसऱ्याच आठवड्यात मामा बनियनवर कचरा टाकायला खाली उतरले, दार बंद झालं, आणि सुजाता ड्युटीवरून येईपर्यंत थंडीत जिन्यात बसून राहिले. त्यानंतर ते उंबऱ्याबाहेर पडेनात. खिडकीशी खुर्ची लावून समोरच्या थांब्यावरच्या बस बघत बसायचे. पाऊस थांबायचा नाही, भाषा कळायची नाही, टीव्हीत मन लागायचं नाही. एक दिवस मला म्हणाले, ‘मी डेपोत उभ्या करून ठिवलेल्या गाडीवाणी होऊन राहिलो. चालू हाय, पण ड्युटी न्हाई.’ मला फार वाईट वाटलं. मी विचारलं, मामा, काय करू तुमच्यासाठी? तर त्यांनी एकच मागितलं. समुद्राच्या कडेनं जाणारा एखादा रस्ता दाखवा, मग मी खुशीनं गावाकडं जातो.

आमच्याकडं गाडी नव्हती. भाड्यानं घ्यायची ठरवली आणि तिथं माझ्यातला लातूरकर जागा झाला. भाजी धुतलेलं पाणी झाडाला घालणाऱ्या गावचा मी, मला कोण फसवतो! तिकडं भाड्याच्या गाडीला विमा असतोच, पण काही ठोकलं तर पहिली मोठी रक्कम आपल्या खिशातून जाते. तिला एक्सेस म्हणतात. ती माफ व्हायची तर काउंटरवर रोजचे जादा पैसे मोजा, असं गोड बोलून सांगतात; आणि ते पैसे जवळजवळ भाड्याइतकेच होतात. मी घरी बसून दुसऱ्याच एका कंपनीची वेगळी एक्सेस पॉलिसी काढली. काउंटरवरच्या दोन दिवसांच्या पैशात वर्षभराची! गोम एवढीच की काही झालं तर गाडीवाले आधी आपल्याकडून कापणार, आणि मग ही कंपनी कागद बघून भरून देणार.

काउंटरवरच्या बाईनं मला तीनदा विचारलं, नक्की नको? मी तीनदा नको म्हणालो. मग तिनं माझ्या कार्डावर एक्सेसची सगळी रक्कम अडकवून ठेवली. महिन्याचं घरभाडं आणि किराणा एका फटक्यात गोठलं. मामांना समजावून सांगितलं तर त्यांना सगळं पटलं. म्हणाले, ‘इमानापोटी ठिवून घेतलं म्हणा की.’ माझ्या पॉलिसीत वयाची अट होती, त्यामुळं मामांना चालवता येणार नव्हतं. तेही त्यांनी ‘हाव, नियम हाय’ म्हणून मान्य केलं. त्यांनी फेरी मारली, मी फोटो काढले, आणि निघालो. मामा माझ्या डावीकडं गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. वळण आलं की त्यांचा पाय खालच्या चटईवर ब्रेक दाबायचा.

समुद्र दोन मैलांवर राहिला आणि नकाशानं आम्हाला एका बोळात घातलं. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, वर काटेरी झुडपं, रुंदी एका बैलगाडीपुरती. वळणावर समोरून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्यानं शांतपणे इंजिन बंद केलं आणि तो आभाळाकडं बघत बसला. मागं जावं तर आरसा भिंतीला टेकलेला. डोळ्यांसमोर ती गोठवलेली रक्कम नाचायला लागली. हलावं तर ओरखडा, नाही हलावं तर जन्म इथंच जायचा. सुजाता मागच्या सीटवरून काहीतरी सांगत होती, त्यातलं अक्षर कानात शिरेना. मी चावी काढून घेतली आणि चक्क बसून राहिलो.

मामांनी पोट आत ओढलं आणि अर्धवट उघडलेल्या दारातून कसेबसे सरकून ते बाहेर पडले. जाताना वाकून म्हणाले, ‘गाडी अडकत न्हाई. चावी लावा.’ मग मागून आवाज आला, खणखण.

त्या आवाजावर मी गाडी मागं घ्यायला लागलो. आरशात बघायचंच सोडून दिलं, नुसतं कड्याचं ऐकत राहिलो. खणखण, खणखण. एक वळण गेलं, दुसरं गेलं. एका शेताच्या फाटकाशी जागा रुंद झाली आणि एकच जोरात खण झालं. थांबलो. फाटकाचा दगडी खांब मागं वीतभर राहिला होता. ट्रॅक्टर गेला, त्यानं जाता जाता स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं, आणि मामांनीही बोट उचललं. गाडीत येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला माझीच लाज वाटली. समुद्राशी ते सदरा फडफडू देत कितीतरी वेळ उभे राहिले, आणि शेंगदाण्याच्या चटणीशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

परतताना गाडीत बसण्याआधी त्यांनी फेरी मारली आणि डिकीच्या दारापाशी ते थबकले. नंबरप्लेटच्या वर जुन्या रुपयाएवढा पोचा होता. त्यांच्याच कड्याचा! एसटीच्या पत्र्याला ते जन्मभर वाजवलं तरी काही झालं नव्हतं; ह्या गाडीचा पत्रा म्हणजे डालड्याचा डबा.

दुसऱ्या दिवशी गाडी परत द्यायला गेलो. ताब्यात घेणाऱ्या माणसानं उभ्या उभ्या नजर टाकली, सगळं ठीक आहे म्हणाला, अडकलेली रक्कम सुटेल म्हणाला. मी चावी दिली आणि मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मामांनी त्या माणसाची बाही धरली, त्याला गाडीच्या मागं नेलं, पोच्यावर बोट ठेवलं, मग कडं दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

मी दात आवळून मराठीत म्हणालो, ‘मामा, चला. त्यानं बघितलंय. ठीक आहे म्हणालाय तो.’

‘त्यानं न्हाई बघितलं,’ मामा म्हणाले. ‘उद्या ही गाडी दुसरा कोणी न्येईल. त्यानं फेरी नसंल मारली, तर त्याच्या माथी बसंल.’

त्या माणसानं खाली वाकून बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि कागद काढला. माझ्या कार्डावरून पैसे कापले गेले. मी इतका भडकलो होतो की परतीच्या बसमध्ये मुद्दाम वेगळ्या बाकावर बसलो. मामा उठून माझ्या शेजारी आले आणि खिडकीबाहेर बघत बोलायला लागले.

नोकरीत नवे असताना निलंग्याच्या रस्त्यावर त्यांची बस उसाच्या ट्रॉलीला घासली होती. कुणी पाहिलं नव्हतं. ते गप्प राहिले. सकाळी दुसऱ्या चालकानं ती बस घेतली, घाईत होता, न बघताच घेतली, आणि तो घासा त्याच्या नावावर लागला. त्यानं परोपरीनं सांगितलं, कुणाला खरं वाटलं नाही. मामा तिथंच उभे होते. तोंड उघडलं असतं तर तो सुटला असता. ‘ही फेरी माझ्यासाठी न्हाई, जावईबापू,’ ते म्हणाले. ‘माझ्यामागून गाडी घेणाऱ्यासाठी हाय. तवापासून मी त्या रस्त्यावरच अडकून राहिलो.’

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मामा गावाकडं गेले आणि माझी पॉलिसीवाली कंपनी कागद मागत राहिली. पोचा कसा पडला? सुजातानं लिहिलं, माझे वडील गाडी मागं घ्यायला मदत करत होते, आमच्याकडं अशीच करतात. कंपनीनं विचारलं, हातानं? आम्ही लिहिलं, हातातल्या कड्यानं. कंपनीनं विचारलं, कडं म्हणजे काय, आणि ते गाडीवर का मारलं? आता त्या गोऱ्या कारकुनाला डबल बेल कशी समजावणार? मी म्हणत होतो, सरळ लिहू या की पार्किंगमध्ये कुणीतरी ठोकून गेलं. सुजाता नुसती माझ्याकडं बघायची. मग आम्ही बसून पुन्हा सगळं खरंच लिहायचो.

दर रविवारी मामांचा फोन यायचा. जयभीम झाला, तब्येतीची चौकशी झाली, की आवाज खाली यायचा. ‘सुटलं का?’

सुटेल, मी म्हणायचो. नियम असतात मामा, वेळ लागतो. ते म्हणायचे, ‘माझ्यापायी तुमी खामखा अडकले.’ कितीही समजावलं तरी पुढच्या रविवारी तेच. त्यांचा जीव त्यातच गुंतून पडला होता. मला कधी कधी वाटायचं, पैसे गेले खड्ड्यात, थाप मारून सुटलं म्हणून सांगावं. पण ह्या माणसाला थाप मारायला माझी जीभ रेटेना.

पैसे आले. अक्षर न अक्षर खरं लिहून आले. पण त्याच्या आधीच मामांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सुजाता जाऊन भेटून आली, आणि तिच्यामागून मी निघालो. मुद्दाम फोनवर निरोप दिला नव्हता. ही गोष्ट समोर जाऊन सांगायची होती.

लातूरहून मित्राची गाडी घेतली, चाकूरला चहा घेतला, नांदेड गाठलं. मामांची गल्ली इतकी अरुंद की गाडी आत घातली तर उलटीच बाहेर काढावी लागते. त्यांची खाट रस्त्याकडच्या खिडकीशी लावलेली होती. आयर्लंडची ती खुर्चीच माझ्या डोळ्यांसमोर आली. कडं आता डाव्या हातात घातलं होतं. मी त्यांच्या कानाशी वाकलो.

‘मामा, सुटलं. सगळं खरं लिहिलं, आणि सुटलं.’

त्यांनी डोळे मिटले. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मग त्यांनी माझा हात धरला तो संध्याकाळ होईपर्यंत सोडला नाही. मी रडलो, मला त्याची लाज नाही.

निघताना माझ्या डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. गाडीत बसलो, चावी लावली, मागं घेणार तोच खिडकीच्या गजावर एक खण झालं.

एक म्हणजे थांबा. मी थांबलो. मागं वळून बघितलं, गल्लीत कुणी नव्हतं, साधं कुत्रंही नव्हतं. खाली उतरून खिडकीशी गेलो. मामा माझ्याकडं बघत होते, आणि त्यांचं डावं बोट हवेत हळूहळू गोल फिरत होतं.

मी फेरी मारली नव्हती.

त्यांना दिसेल अशी, सावकाश, मी मित्राच्या गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. प्रत्येक पोच्यावर बोट टेकवलं आणि मोठ्यानं बोललो, मागं उजवीकडं एक, दाराखाली वरखडा, पुढचा दिवा तडकलेला. शेजारच्या बायका दारात येऊन बघत होत्या. बघेनात का. मग गाडीत बसलो आणि वाट बघत राहिलो.

खिडकीतून आवाज आला, खणखण.

त्या आवाजावर मी गल्लीतून मागं मागं बाहेर निघालो, आरशात न बघता. मामांना त्यांची शेवटची डबल बेल मिळाली तेव्हा मी विमानात होतो.