पतिरामबांना दाखवलेला डोंगर

टंकनाथ पौडेल आणि मी सव्वीस वर्षं पोखऱ्यातल्या एकाच टॅक्सी स्टँडवर आहोत. तो मला 'साइँला' म्हणतो, कारण घरात मी तिसरा. मी त्याला सरळ नावानं हाक मारतो. माणूस म्हणाल तर अगदी साधा. दारू नाही, जुगार नाही, गाडी स्वच्छ, बायकोचा थोडा धाक. त्याचं एकच वैशिष्ट्य होतं, वेग. आम्हाला जे फिरवायला सकाळपासून संध्याकाळ लागायची, ते तो अर्ध्या दिवसात उरकायचा. विंध्यवासिनीचं देऊळ, सेतीची घळ, महेंद्र गुफा, पाताले छाँगोचा धबधबा, फेवा तळ्यात नावेतून एक फेरी आणि शेवटी, डोंगर बघायला, वर सराङकोटची टेकडी. प्रत्येक ठिकाणी काय बोलायचं ते त्याला पाठ होतं. पाहुणा अजून आ वासून बघत असायचा आणि टंकनाथनं गाडी सुरू केलेली असायची.

भाद्रपदात आमच्याकडे डोंगर दिसत नाहीत. ढगांचं गाठोडं उत्तरेला बसलेलं असतं ते असतंच. पण पाहुणा लांबून आलेला असतो. मग आम्ही ड्रायव्हर लोक काय करायचो, तर ढगांतला एखादा टोकदार पांढरा तुकडा हेरायचा आणि बोट दाखवायचं. "तो बघा, ते टोक! माछापुच्छ्रे!" पाहुणा खूश. त्यात काही पाप आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. मीही केलंय ते, कितीदा तरी.

त्या वर्षी तीजेच्या, म्हणजे हरतालिकेच्या, आदल्या दिवशी बासमती स्टँडवर आली. ही थारूंची पोरगी, तराईतल्या बर्दियाची, तळ्याकाठच्या एका लॉजमध्ये स्वयंपाकाला होती. सोबत तिचे वडील. पतिराम त्यांचं नाव. उंच, काळे, पाठीत थोडे वाकलेले, आणि चालताना लेकीच्या खांद्यावर हात. म्हातारपणामुळे असेल असं आम्हाला वाटलं.

"दाइ, बांना सगळं दाखवा," ती टंकनाथला थोरल्या भावासारखी हाक मारत म्हणाली. "मला तळ्यापर्यंतच येता येईल, मग स्वयंपाकाला जायचंय. बाकीचं राहिलं तरी चालेल, पण डोंगर दाखवाच. उद्या पहाटेच्या गाडीनं ते परत निघतायत."

"ह्या दिवसांत डोंगर, बहिनी..." टंकनाथ म्हणाला.

"सुट्टी आत्ताच मिळाली हो. कधीकधी उघडतं ना थोडा वेळ?"

"उघडतं," टंकनाथ म्हणाला आणि गाडीचं दार उघडलं.

त्या दिवशी त्याला घाई होती. बेगनासकडे दिलेली धाकटी बहीण माहेरी यायची होती, आणि तिला आणायला जायचं काम त्याचं. तीजेच्या आदल्या दिवशीचं जेवण माहेरात झालं नाही तर ती वर्षभर टोमणे मारते. तेव्हा देऊळ, घळ, धबधबा सगळं त्यानं नेहमीपेक्षाही लवकर आटपलं. म्हातारा मात्र त्याच्या हिशेबात बसेना. पाताले छाँगोच्या कठड्यापाशी तो उभाच राहिला. डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे वळवत, पाणी तुकड्यातुकड्यानं बघत. तळ्यात नावेतून हात पाण्यात घालून म्हणाला, "मासे कुठले आहेत रे इथे?"

"खूप आहेत, बा. चला, पुढे जायचंय."

"पुढे जायचंय, पुढे जायचंय! पोरा, तू लग्नात पण सप्तपदीच्या आधीच जेवायला बसला असशील."

बासमती खुदखुदून हसली. घाटावर उतरल्यावर तिनं वडिलांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, टंकनाथला पुन्हा एकदा "डोंगर" एवढंच म्हणाली आणि लॉजकडे गेली.

सराङकोटला गाडी उभी करून पायऱ्या चढाव्या लागतात. पतिरामबा एकेक पायरी पायानं चाचपत चढले. वर पोचायलाच पाऊण तास गेला. समोर सगळं पांढरं. उत्तरेला डोंगर आहे की नाही याचाही पत्ता नाही. म्हातारा दगडावर बसला आणि म्हणाला, "थांबू. हलेल ढग."

टंकनाथ थांबला. अर्धा तास, मग आणखी अर्धा. बहिणीचा दोनदा फोन आला. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "दाइ, मी राहते सासरीच, तू बस डोंगर दाखवत." तेव्हा टंकनाथनं तेच केलं जे आम्ही सगळे करायचो. ढगांच्या वरच्या कडेला एक टोकदार तुकडा सुटा झाला होता, त्यावर थोडं ऊन पडलं होतं. त्यानं म्हाताऱ्याचं डोकं दोन्ही हातांत धरून त्या दिशेला वळवलं.

"बा! तो बघा! दिसला? पटकन बघा, जाईल!"

पतिरामबा उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि थारू बोलीत काहीतरी पुटपुटले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. टंकनाथला ते वाऱ्यानं आलेलं वाटलं.

"किती मऊ आहे रे," ते म्हणाले. "मला वाटलं होतं दगडासारखा असेल."

बहीण वेळेवर आणली गेली. जेवण झालं. टंकनाथ ते सगळं विसरलाही.

महिन्याभरानं, दशैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या, आधी आकाश धुऊन निघालं होतं आणि स्टँडवरून माछापुच्छ्रे हात लावावा इतका जवळ दिसत होता. त्या सकाळी बासमती हातात डबा घेऊन आली. गावाकडून कोणीतरी आलं होतं, त्याच्याबरोबर आईनं तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या ढिकऱ्या पाठवल्या होत्या.

"ह्या तुमच्या," ती टंकनाथला म्हणाली. "बांनी सांगितलंय, त्या घाईवाल्या पोराला दे. अहो, अख्खं गाव जमवून डोंगर सांगतायत ते. म्हणतात, मी बघत होतो तेवढ्यात डोंगर डावीकडून उजवीकडे सरकला. चालतो म्हणे! मी फोनवर इतकी हसले."

हसता हसता तिनं सहज उत्तरेला पाहिलं. त्या डोंगराकडे, जो कुठेच सरकत नव्हता. तिचं हसू हळूहळू थांबलं. टंकनाथनं मान खाली घातली होती.

"दाइ," ती म्हणाली, "डोंगर दिसला होता ना?"

मी काहीतरी विषय काढायला गेलो, पण तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"काचबिंदू आहे त्यांना," ती म्हणाली. "नळीतून बघावं तेवढंच दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, तिहारपर्यंत तेही जाईल. आयुष्यात एकदा हिमाल बघायचा होता त्यांना. म्हणून आणलं होतं."

डबा तिथेच बाकावर ठेवून ती गेली.

टंकनाथनं त्या ढिकऱ्या खाल्ल्या नाहीत, टाकल्याही नाहीत. चार दिवस डबा गाडीत घेऊन फिरला. गाडीला वास सुटला तेव्हा बायकोनं डबा ओढून घेतला. भाडी घेईना, घेतली तर सराङकोटला जाईना. मी म्हटलं, "अरे, आपण सगळेच करतो. तू काही एकटा नाहीस."

"तू कोणाचं डोकं धरून वळवलं होतंस?" तो म्हणाला. "मी धरून वळवलं, साइँला. हातांत डोकं होतं त्यांचं."

दशैंत त्यानं ठरवलं. अजून तिहार, म्हणजे दिवाळी, यायची होती. थोडं तरी दिसत असेल. बर्दियाला जायचं, म्हाताऱ्याला घेऊन यायचं, कार्तिकातल्या स्वच्छ आकाशात सराङकोटला बसवायचं आणि हवा तेवढा वेळ बसू द्यायचं. बासमतीला सांगायला गेला तर ती पोळ्या लाटत होती. "जायचं असेल तर जा," एवढंच म्हणाली आणि पत्ता दिला. मला त्याला एकट्याला सोडवेना. बुटवलला माझा साडू असतो, त्याच्याकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बसनं गावात पोचलो.

मातीचं लांबट घर, भिंतीवर हातानं उठवलेले मासे आणि मोर. अंगणात पतिरामबा खाटेवर बसले होते. टंकनाथनं वाकून नमस्कार केला. म्हाताऱ्यानं त्याच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं, पण थोडं चुकीच्या बाजूला.

"कोण? घाईवाला? अगं ए, बाहेर ये! डोंगरवाला आला बघ!"

तिहारची वाट न बघताच डोळे गेले होते. आता फक्त ऊन आणि सावली कळते, बाहेर आलेली त्यांची म्हातारी म्हणाली. तिनं आमच्यापुढे भात आणि माशाचं कालवण ठेवलं. मी जेवलो. टंकनाथ भात चिवडत राहिला. म्हातारा मात्र रंगात आला होता. शेजारचे दोघे-तिघे येऊन बसले होते आणि तो त्यांना पुन्हा सांगत होता, "विचारा ह्याला! हाच होता माझ्याबरोबर. वरून ऊन पडलं होतं, की नाही रे? आणि कडा कशा, कापूस पिंजल्यासारख्या!"

शेजाऱ्यांनी टंकनाथकडे पाहिलं.

मी त्याच्या मांडीवर हात दाबला. गप्प बस, असा. पण तो माणूस डबा मिळाल्यापासून स्वतःशी भांडत होता, त्याला आता धीर राहिला नव्हता.

"बा," तो म्हणाला, "तो डोंगर नव्हता. ढग होता. मला बहिणीला आणायला जायचं होतं, म्हणून मी खोटं बोललो."

म्हातारीनं हातातली पळी तशीच धरली होती. एक शेजारी उगाच खाकरला आणि उठून गेला. त्याच्यामागून दुसरेही गेले.

"ढग," पतिरामबा म्हणाले.

"हो, बा. मी तुम्हाला न्यायला आलो होतो. पुन्हा दाखवायला. मला माहीत नव्हतं की..."

"ते कळलं," म्हातारा म्हणाला. "मग आता सांगितलंस कशाला?"

टंकनाथनं ताट बाजूला सारलं.

"माझ्याकडे एक डोंगर होता," पतिरामबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "रोज सकाळी उठलो की बघायचो. तुला जड झालं म्हणून तू इतक्या लांबून येऊन तो काढून घेतलास. तुझं हलकं झालं. जा आता."

म्हातारीनं आम्हाला जाऊ दिलं नाही. पाहुणा उपाशी आणि उन्हात कसा जाईल, म्हणाली. पडवीत चटई टाकली. टंकनाथ भिंतीला टेकून बसला तो उजाडेपर्यंत तसाच.

सकाळी पतिरामबांनीच त्याला हाक मारली.

"तू रोज बघतोस ना त्याला?"

"हो, बा."

"मग सांग. कसा आहे. ह्या वेळी खरं."

टंकनाथ त्यांच्यासमोर बसला. सव्वीस वर्षांत त्यानं किती हजार लोकांना तो डोंगर दाखवला असेल. "वर दोन टोकं आहेत," तो म्हणाला. "माशाच्या शेपटीसारखी." थांबला. "पांढरा आहे. उंच आहे." पुन्हा थांबला. उंची मीटरमध्ये सांगितली. मग त्याच्या तोंडून जे निघालं ते पाहुण्यांना सांगायचं पाठ केलेलं होतं, कोणत्या वर्षी कोण चढायला गेलं वगैरे.

"राहू दे," म्हातारा म्हणाला. "तू पाहिलाच नाहीस."

परतीच्या बसमध्ये टंकनाथ एकदाच बोलला. "तू मांडी दाबलीस तेव्हा गप्प बसायला हवं होतं मी."

मी काय म्हणणार? गप्प बसला असता तर ते बरं झालं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही. पण बोलल्यानं म्हाताऱ्याचं नुकसान झालं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर टंकनाथ बदलला, पण लोक सांगतात तसा देवमाणूस वगैरे झाला नाही. चिडका झाला. पाहुण्यानं ढगाकडे बोट करून "तोच का?" विचारलं की हा खेकसायचा, "नाही! आज डोंगर नाही! उद्या या!" पाहुणे हिरमुसायचे. स्टँडवरच्या पोरांनी त्याचं नाव 'नाही-दाइ' ठेवलं. सकाळी रिकामा असला की गाडीच्या टपाला टेकून उत्तरेकडे बघत राहायचा. काय बघतोस विचारलं तर म्हणायचा, "सांगता येईल असं काही सापडतंय का बघतोय." एकदोनदा त्यानं बर्दियाला फोन केला, आज डोंगर असा दिसतोय सांगायला. दुसऱ्या वेळी पतिरामबांनी ऐकून घेतलं आणि नंतर म्हातारीकडून निरोप दिला, की नको करू.

बासमती बरेच महिने स्टँडवरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जायची. मग एका दुपारी ती येऊन बाकावर बसली. टंकनाथ उठून उभा राहिला.

"बसा, दाइ," ती म्हणाली. "मलाही माहीत होतं. भाद्रपदात दिसत नाही, हे इथे चार वर्षं राहून मला माहीत नव्हतं का? लॉजच्या मालकिणीकडे कार्तिकात सुट्टी मागायचं धाडस झालं नाही. गर्दीचे दिवस असतात ना. तुमच्यावर सगळं ढकललं की मला झोप लागायची."

टंकनाथ बाकाच्या कडेला बसला. मी चहा आणून ठेवला.

"बा परत गोष्ट सांगायला लागलेत," ती म्हणाली. "गावात सगळ्यांना कळलंय, त्यामुळे आता वेगळी सांगतात. म्हणतात, मी पोखऱ्याला गेलो आणि चपला काढून एका ढगाच्या पाया पडलो. लोक पोट धरून हसतात. म्हणतात, तिथला ड्रायव्हर एक नंबरचा लबाड. आणि मूर्ख. लबाडी केलीच होती तर निभवायची तरी."

"लबाड म्हणाले?" टंकनाथनं विचारलं.

"हो."

"बरोबर आहे," तो म्हणाला.

तेवढ्यात तळ्याकडून एक कुटुंब आलं, चौघं जण, अर्ध्या दिवसात काय काय होईल विचारत. टंकनाथनं त्यांना आत बसवलं. "सगळं होणार नाही," तो त्यांना म्हणाला. "तीन ठिकाणं होतील, नीट." आणि गाडी घेऊन गेला. बासमतीनं त्याचा न प्यायलेला चहा पिऊन टाकला आणि कामाला गेली.